नंबर एकला देअर असतं

डॉक्टरांनी पेपरांचा गठ्ठा सोडला आणि एकेक कागद ऑफिसच्या टेबलावर ओळीनं मांडला. मग मला म्हणाले, "परबबाई, जरा इकडे या. हे बघा."

मी बघितलं. माझ्या चौथीच्या वर्गाचं इंग्रजीचं डिक्टेशन होतं. प्रत्येक कागदावर एक ते दहा आकडे आणि प्रत्येक आकड्यापुढे एक शब्द. अक्षर सुबक, खाडाखोड नाही, स्पेलिंगची एक चूक नाही. माझी छाती फुगली, खोटं कशाला सांगू.

"छान लिहिलंय मुलांनी," मी म्हणाले.

"छानच लिहिलंय. फक्त मी सांगितलेलं लिहिलेलं नाही."

मला कळेना. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि एका कागदावर बोट ठेवलं. "नंबर एकला मी sea सांगितलं. समुद्र. मच्छीमार नगरातल्या होड्या समुद्रात आहेत, असं वाक्यसुद्धा करून सांगितलं. तुमच्या मुलांनी काय लिहिलंय, वाचा."

मी वाचलं. there. दुसऱ्या कागदावर there. तिसऱ्यावर there. पुढे जायची गरज नव्हती, तरी मी गेले. सगळीकडे there, आणि त्याखाली दोन नंबरला their.

मुख्याध्यापिका देशमुखबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "कॉपी झाली का हो?"

"पंचवीस मुलांनी एकाच वेळी एकच चुकीचं उत्तर कॉपी केलं?" डॉक्टर म्हणाले. "मला दुसरी शंका येते. परबबाई, तुम्ही मुलांना काय येणार ते आधी सांगून ठेवलं होतंत का?"

बावीस वर्षांच्या नोकरीत मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी "नाही" म्हणाले, पण माझा आवाज मलाच पटण्यासारखा आला नाही.

थोडं मागचं सांगायला हवं. आमची शाळा लालबागमधली, मराठी माध्यमाची, एका जुन्या ट्रस्टची. ट्रस्टचे लोक बहुतेक गिरगावचे. सेक्रेटरी म्हणजे हे डॉक्टर, हाडांचे निवृत्त डॉक्टर, फणसवाडीत राहणारे. नाव मोठं आहे, पण शाळेत सगळे त्यांना नुसतं डॉक्टर म्हणतात. पालकांची मागणी होती की पाचवीपासून सेमी-इंग्रजी सुरू करा. सेमी म्हणजे शाळा मराठीच, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. आजूबाजूच्या शाळांत ते कधीच सुरू झालंय. आमच्याकडे नव्हतं, म्हणून चौथी झाली की मुलं दाखला घेऊन निघून जात आणि आमची पाचवी भरता भरत नसे. त्या वर्षी तर निम्म्या पालकांनी दाखल्याचे अर्ज जानेवारीतच ऑफिसात आणून ठेवले होते. सेमी मिळालं तर अर्ज परत घेणार, नाहीतर जूनमध्ये पाचवीचा वर्गच उघडायचा नाही, असा सरळ हिशेब होता.

ट्रस्टमध्ये दोन मतं होती. मुलांना इंग्रजी झेपेल का, हा प्रश्न होता. डॉक्टर म्हणाले, "मी स्वतः जाऊन बघतो." संक्रांतीनंतरच्या सोमवारी ते आले, मला ऑफिसात बसवलं आणि वर्गात एकटेच गेले. मी निर्धास्त होते, कारण माझा वर्ग दर शुक्रवारी दहापैकी दहा आणत होता.

तर त्या दुपारी मी ऑफिसातून उठले आणि थेट वर्गावर गेले. वर्ग शांत बसला होता, चांगलं काम करून बसलेल्या मुलांसारखा. मी आर्याला उभं केलं. आर्या माझी मॉनिटर, वर्गात पहिली, खोटं बोलायची नाही.

"आर्या, सरांनी नंबर एकला काय सांगितलं?"

"सी, बाई."

"मग तू काय लिहिलंस?"

"देअर."

"का?"

आर्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की बाईंना हे कसं कळत नाही. "बाई, सर चुकले. नंबर एकला देअर असतं. सी आठला असतं. सरांना माहीत नव्हतं, म्हणून आम्ही बरोबर करून लिहिलं."

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "सर म्हातारे आहेत ना बाई, विसरले असतील."

मी खुर्चीत बसले. वर्गात बाईंनी खाली बसायचं नाही हा माझाच नियम, पण त्या दिवशी मोडला.

काय झालं होतं ते सांगते. इंग्रजीत काही शब्द कानाला सारखे लागतात आणि लिहायला वेगळे असतात. there म्हणजे तिथे, their म्हणजे त्यांचं. hear म्हणजे ऐकणं, here म्हणजे इथे. week म्हणजे आठवडा, weak म्हणजे अशक्त. मोठमोठी माणसं यात गडबडतात, चौथीतल्या मुलांचं काय घेऊन बसलात. असे दहा शब्द, पाच जोड्या, मी वर्षाच्या सुरुवातीला चार्टवर लिहून भिंतीला लावले. शुक्रवारी त्यांचं डिक्टेशन. पण डिक्टेशनमध्ये अडचण अशी की मी "देअर" म्हटलं की मुलं विचारणार, बाई कोणतं? मग प्रत्येक शब्दाचं वाक्य करा, ते समजावा, तोवर पस्तीस मिनिटांचा तास संपतो. म्हणून मी युक्ती काढली. क्रम ठरवून टाकला. नंबर एकचं देअर म्हणजे तिथे. नंबर दोनचं देअर म्हणजे त्यांचं. असं दहापर्यंत. "नंबर बघा आणि लिहा," मी सांगायची. प्रश्न बंद झाले, तास वेळेत संपायला लागला, मार्क चढले. युक्ती चांगली चालली म्हणून मी तिसरीच्या बाईंनाही ती सांगितली होती.

डिक्टेशन म्हणजे ऐकून लिहिणं. माझ्या वर्गात ऐकणं बंद पडलं होतं. मुलं फक्त नंबर ऐकत होती. मी एखाद्या शुक्रवारी नंबर एकला "वांगं" म्हटलं असतं तरी त्यांनी there लिहिलं असतं, आणि मी त्याला लाल पेनानं बरोबरची खूण केली असती.

ऑफिसात परत गेले आणि डॉक्टरांना हे सगळं, काही न लपवता, सांगितलं. देशमुखबाईंनी मला डोळ्यांनी थांबवायचा प्रयत्न केला. मी थांबले नाही. डॉक्टर आधी हसले, मग हसायचे थांबले.

"म्हणजे मुलांची चूक नाही."

"नाही. माझी आहे."

"बाई, पण मी सभेत काय सांगू? मुलांना इंग्रजी येतं की नाही?"

"आत्ता सांगता येणार नाही. मला वेळ द्या. सभा फेब्रुवारीअखेर आहे. पाच आठवडे आहेत."

डॉक्टरांनी पेपर गोळा करायला घेतले. मग मघाशी टेबलावर न मांडलेला एक कागद पुढे केला. "आणि ही कोण? हिचा पेपर एकटीचा वेगळा आहे."

मी न बघताच सांगितलं, "ती रिद्धी असेल. कच्ची आहे. दिवाळीनंतर मालवणहून आली. तीनच्या वर मार्क जात नाहीत तिचे."

"असं?" एवढंच म्हणून त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला आणि निघाले. जाताना म्हणाले, "सभेच्या आदल्या दिवशी येईन. शब्द मी आणीन, तुमची यादी नको."

तो कागद मी नीट बघितला तो शाळा सुटल्यावर. नंबर एकला see लिहिलं होतं. समुद्राचं ते स्पेलिंग नव्हे, चूकच होती. पण विचारलेल्या शब्दाची चूक होती. पुढे तीन बरोबर, दोन चुकीचे, बाकीचे रिकामे. सव्वीस जणांत डॉक्टरांचं बोलणं ऐकून लिहिणारी एकटी रिद्धी होती.

मग मला तिचे शुक्रवार आठवले. ती जूनपासून वर्गात नव्हती, त्यामुळे तिला नंबर पाठ नव्हते. मी शब्द म्हटला की ती उभी राहायची आणि मालवणीत विचारायची, "बाई, खंयचा?" म्हणजे कोणतं. वर्ग हसायचा. माझी आई आजही घरी तसंच बोलते, मला तो शब्द परका नाही. तरी मी वर्गाला कधी गप्प केलं नाही. "नंबर बघ गं," एवढंच म्हणायची. पुढे पुढे तिनं विचारणं सोडलं होतं. मला त्या संध्याकाळी स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरचा चार्ट काढला. वर्गात हलकल्लोळ झाला. "बाई, मग आम्ही पाठ कसं करायचं?" मी म्हटलं, करायचं नाही. नंबरही बंद. आजपासून वहीत आकडे घालायचे नाहीत, शब्दाखाली शब्द लिहायचा. आणि पेन्सिल हातात घ्यायची नाही. आधी मी पूर्ण वाक्य बोलणार, मग कोणीतरी त्याचा अर्थ मराठीत सांगणार, आणि मगच पेन्सिल उचलायची.

पहिल्या आठवड्यात दाणादाण उडाली. आर्याला दहापैकी दोन. बहुतेकांना दोन किंवा तीन, काहींना भोपळा. रिद्धीला चार, म्हणजे ती वर्गात पहिली आली. ते बघून वर्ग हबकला, रिद्धी जास्तच हबकली. तिला वाटलं मी चुकून दुसऱ्या कुणाची वही तिला दिली.

देशमुखबाईंनी बोलावलं. "परबबाई, तुमचा हेतू चांगला आहे, पण वेळ बघा. डॉक्टर काय, चाळीस-पन्नास शब्दांतलेच दहा विचारणार. पुस्तकातले तेवढे काढा आणि मुलांकडून घोकून घ्या. उलटे, सुलटे, मधूनच. सेमी पदरात पडू दे. मग जूनपासून तुम्हाला हवं तसं शिकवा."

त्यांचं म्हणणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. शाळेचा पट उतरला की काय होतं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त भोगावं लागतं. पण मी म्हटलं, "बाई, जूनमध्ये विज्ञानाचं पुस्तक इंग्रजीत येईल. त्यात नंबर नसतात. ही मुलं तिथे बुडाली तर मी त्यांना परत कशी काढू?"

"आणि सेमी नाहीच मिळालं तर?"

"तर माझ्यामुळे नाही मिळालं, असं लिहून देते."

 दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझा कार्यानुभवाचा तास इंग्रजीला देऊन टाकला.

शुक्रवारी आर्याचे बाबा आले. शिवडीला एका गोदामात सुपरवायझर आहेत, माणूस स्पष्ट बोलणारा. वही माझ्यापुढे उघडून धरली.

"बाई, माझी पोरगी जूनपासून दहापैकी दहा. आता दोन. नक्की चाललंय काय तुमचं?"

"ते दहा खरे नव्हते," मी म्हणाले आणि सगळं समजावलं.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आठ महिने तुम्ही आम्हाला येड्यात काढलं."

"आधी स्वतःला काढलं."

"आर्या रात्री रडते, ठाऊक आहे? तिला वाटतं ती ढ झाली. मी दाखल्याचा अर्ज ठेवलाय ऑफिसात. तो राहू दे तिथेच." वही घेऊन ते गेले. माझ्याकडे आता फक्त चार आठवडे उरले होते.

त्या आठवड्यांत मी एक गोष्ट केली. रिद्धीला वर्गापुढे उभं केलं आणि सांगितलं, "आजपासून रिद्धीचा प्रश्न हा वर्गाचा नियम. शब्द कळला नाही, दोन अर्थ वाटले, तर उभं राहून विचारायचं, खंयचा? जो विचारेल त्याला मी वाक्य देईन. जो न विचारता चुकेल त्याला नाही." पहिले दोन दिवस मुलं लाजली. तिसऱ्या दिवशी आर्यानं विचारलं. त्यानंतर वर्ग आवरेना. लालबागच्या चाळींत वाढलेली मुलं, निम्म्यांची गावं कोकणातच. त्यांना आजोळचा शब्द वर्गात म्हणायला मिळाला याचीच मजा वाटत होती.

वाक्यंही मी त्यांच्याकडूनच मागायला लागले. पुस्तकातल्या वाक्यांत सगळे शेतावर नाहीतर बागेत असतात. माझ्या मुलांची वाक्यं वेगळी आली. Their tempo is in Sewri. I hear dhol. My kaka is weak, he is in hospital. व्याकरण कुठे कुठे लंगडत होतं, तिकडे मी कानाडोळा केला. एका वेळी एकच गोष्ट. मार्क तिनाचे चार झाले, चाराचे पाच झाले. मग दहा दिवस तिथेच अडले. त्या दहा दिवसांत मला खरंच वाटलं की देशमुखबाईंचं ऐकायला हवं होतं. चार्ट कपाटात होता. एकदा मी तो बाहेर काढलाही होता. पण परत ठेवला आणि कपाटाची किल्ली देशमुखबाईंना देऊन टाकली.

सभेच्या आदल्या दिवशी डॉक्टर आले. या वेळी म्हणाले, "तुम्ही वर्गातच थांबा. मागे बसा." खिशातून चिठ्ठी काढली. पहिला शब्द वाचला, "मीट." आणि थांबले. वाक्य दिलं नाही. मुद्दाम दिलं नाही, हे मला नंतर कळलं. भेटण्याचं meet वेगळं आणि मटणाचं meat वेगळं. एकानंही पेन्सिल उचलली नाही. परक्या माणसाला प्रश्न विचारायचा सराव आम्ही केलाच नव्हता.

मग आर्या उठली. "सर, खंयचा?"

डॉक्टर गोंधळले. "काय म्हणालीस?"

"कोणतं मीट, सर? भेटायचं की खायचं?"

"कोणतं हवं तुला?"

"मला नाही, सर. तुम्हाला कोणतं लिहून हवंय?"

डॉक्टरांनी चिठ्ठी खाली घेतली आणि माझ्याकडे बघितलं. मग प्रत्येक शब्दाचं वाक्य केलं. दहा शब्दांना पाऊण तास लागला, एवढे प्रश्न आले.

पेपर त्यांनी ऑफिसात बसून तपासले. दहापैकी दहा एकालाही नव्हते. आर्याला सात. रिद्धीलाही सात. बरेच जण पाच-सहावर, चार मुलं तिनावर. डॉक्टरांनी पुन्हा कागद ओळीनं मांडले.

देशमुखबाईंना राहवलं नाही. "डॉक्टर, गेल्या वेळी स्पेलिंगं तरी बरोबर होती."

"होती ना. पण गेल्या वेळी मी सव्वीस मुलांची परीक्षा घेतली आणि परबबाईंची उत्तरं तपासली. आज प्रत्येकाची चूक वेगळी आहे." त्यांनी पेन खिशाला लावलं. "सभेत मी हेच पेपर दाखवणार."

सभेत वाद झाला असं ऐकलं. एक ट्रस्टी म्हणाले, पाच-सहा मार्कांच्या मुलांना कसलं सेमी देता. शेवटी ठराव झाला: पाचवी सेमी एका वर्षासाठी सुरू करावी, आणि इंग्रजी परबबाईंनीच शिकवावं. म्हणजे फसलं तर कोणाला धरायचं, याचीही सोय करून ठेवली. मला ते मान्य होतं.

आर्याचे बाबा अर्ज परत न्यायला आले. ऑफिसातच फाडला आणि तुकडे माझ्यासमोर टोपलीत टाकले. तीन पालकांनी मात्र दाखले नेले, त्यांना अडवता आलं नाही. जूनमध्ये पाचवीत तेवीस मुलं बसली.

चौथीच्या शेवटच्या शनिवारी मी वर्गापुढे रिद्धीची माफी मागितली. जुन्या वहीत दर शुक्रवारी मी तिला लाल शाईनं शेरा दिला होता, "लक्ष देत जा." ते शेरे मी तिच्यासमोर खोडले आणि सांगितलं, "तू लक्ष देत होतीस. माझं लक्ष नव्हतं. मी चुकले."

रिद्धीनं वही उलटसुलट करून पाहिली. मग विचारलं, "बाई, मग त्ये मार्क वाडतले?"

"नाही, वाढणार नाहीत," मी म्हणाले. "स्पेलिंग चुकलंच होतं ना."

तिला ते पटलं. ती जागेवर जाऊन बसली. तेव्हापासून अख्ख्या वर्गाला पैकीच्या पैकी मिळाले की मी पेढे वाटत नाही. तीच परीक्षा क्रम बदलून दुसऱ्या बाईंना घ्यायला सांगते आणि ऑफिसात जाऊन बसते.